नैवेद्याला रंग कशाचा?

गणेशचतुर्थीला देवापुढे मांडलेल्या ताटातील उकडीचे मोदक शुभ्र असतात. फार तर त्यांच्या टोकावर केशराची एखादी काडी शोभते. पण त्याच ताटाशेजारी बाजारातून आणलेले मोतीचुराचे लाडू आणि रंगीत पेढेही असतात. त्यांचा तो भडक नारिंगी वा गुलाबी वर्ण कशाने आला, याची विचारपूस किती घरांतून होत असेल?

याबाबत आपण मनाशी एक सोपा ठोकताळा बांधलेला असतो : नैसर्गिक ते शुद्ध, कृत्रिम ते अशुद्ध. हा ठोकताळा मात्र कसोटीस उतरत नाही. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या इंग्रज रसायनज्ञाने दगडी कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग सिद्ध केला आणि कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. आज टार्ट्राझिन, सनसेट यलो यांसारखे रंग खनिज तेलापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून घडविले जातात. त्यांच्या मुळाशी कोणताही जीव नसतो. उलट कार्माइन हा लाल रंग पूर्णतः नैसर्गिक खरा. परंतु तो निवडुंगावर पोसणाऱ्या कोचिनील किड्यांच्या माद्या वाळवून, कुटून काढलेला असतो!

हाच प्रश्न मुसलमान गृहस्थापुढे हलाल-हराम या रूपाने उभा राहतो. तेथे केवळ कृत्रिम आहे म्हणून रंग निषिद्ध ठरत नाही. तो ज्या द्रवात विरघळविला त्यात मद्यार्क आहे काय, त्यात मिसळलेले जिलेटिन कोणत्या प्राण्याचे आहे, याची चौकशी होते. कार्माइनविषयी तर त्यांच्यातही मतभेद आहेत. आपली परिभाषा सोवळ्या-ओवळ्याची, त्यांची हलालची. परंतु मुखात जाणाऱ्या अन्नाचे मूळ जाणून घेण्याची तळमळ एकच होय.

कायद्यानेही या प्रश्नाची दखल घेतली आहे. आपल्याकडे मोजकेच कृत्रिम रंग अन्नात वापरण्याची मुभा असून त्यांच्या प्रमाणावर मर्यादा आहे. मेटॅनिल यलो हा तर कापड-कातडे रंगविण्याचा रंग. अन्नात त्याला बंदी आहे, तरीही लाडू, जिलबी आणि हळदीच्या पुडीतसुद्धा तो आढळलेला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने असा आदेश दिला की, अन्नातील प्रत्येक घटक वनस्पतिजन्य आहे, प्राणिजन्य आहे की प्रयोगशाळेत बनविलेला आहे, हे उत्पादकाने स्पष्ट सांगावे; नुसते सांकेतिक क्रमांक छापून भागणार नाही. परंतु सणासुदीला आपण घेतो ती मिठाई बहुधा सुटी! तिला ना वेष्टन, ना त्यावरील हिरवा ठिपका.

येथेच गृहिणीची आणि गृहस्थाची जबाबदारी सुरू होते. 'नैवेद्य' हा शब्द निवेदनाशी जोडलेला आहे. निवेदन करणे म्हणजे कळविणे आणि अर्पण करणे, दोन्ही. जे आपणच जाणत नाही, ते देवाला काय निवेदन करणार? म्हणून मिठाईवाल्यास निःसंकोचपणे विचारावे, 'यात रंग कोणता घातला आहे?' उत्तर देण्यास तो कचरला, तर तो जिन्नस देवापुढे ठेवू नये. एका गिऱ्हाइकाने विचारले तर तो हसेल. आळीतील दहा घरांनी विचारले, तर त्यास रंग बदलावा लागेल.

आणि खरे पाहता देवाच्या पानाला उसन्या रंगाची गरज ती काय? पुरणाला डाळीचा आणि गुळाचा रंग असतो, वरणाला हळदीचा, शिऱ्याला केशराचा. हे रंग फिके असतील, पण ते कोठून आले हे आपणांस ठाऊक असते. हात जोडून नैवेद्य दाखविताना मनात शंका नसावी, याहून मोठे सोवळे कोणते?