'मॉर्फ' म्हणजे नेमकं काय? एका शब्दाचं बदललेलं रूप

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला मावसभावाचा फोन आला. "दादा, फोटो मॉर्फ केलाय हे लोकांना कळतं का रे?" त्याने एका लोन ॲपवरून पाच हजार घेतले होते. हप्ता चुकला आणि व्हॉट्सॲपवर त्याचाच चेहरा लावलेला एक घाणेरडा फोटो आला. खाली धमकी: पैसे भर, नाहीतर सगळ्या काँटॅक्ट्सना पाठवतो.

मित्रांनो, हा शब्द आपण बातम्यांत सारखा वाचतो. पण त्याचा अर्थ काय?

मूळ शब्द ग्रीक, 'मॉर्फी', म्हणजे रूप किंवा आकार. सुरवंटाचं फुलपाखरू होतं त्याला 'मेटामॉर्फोसिस' म्हणतात, त्यातलाच हा तुकडा. सिनेमातल्या कॉम्प्युटर इफेक्ट्समुळे तो क्रियापद म्हणून रुळला. १९८८ च्या 'विलो'मध्ये एक प्राणी बघता बघता दुसरा होतो. १९९१ च्या मायकल जॅक्सनच्या 'ब्लॅक ऑर व्हाइट' व्हिडिओत एक चेहरा दुसऱ्या चेहऱ्यात मिसळत जातो.

यामागचं तंत्र समजायला सोपं आहे. दोन्ही चेहऱ्यांवर डोळे, नाकाचं टोक, ओठांचे कोपरे अशा जोडीच्या खुणा करायच्या. सॉफ्टवेअर पहिल्याच्या खुणा हळूहळू दुसऱ्याच्या जागी सरकवतं आणि त्याच वेळी रंगही मिसळतं. म्हणजे मॉर्फ होणं म्हणजे एका रूपातून दुसऱ्या रूपात सलग जाणं. छंद म्हणून सुरू केलेलं यूट्यूब चॅनल हळूहळू धंदा बनलं, तर इंग्रजीत तिथेही 'मॉर्फ' चालतं.

आपल्याकडे मात्र या शब्दानेच रूप पालटलं. 'मॉर्फ केलेला फोटो' म्हटलं की एकाचा चेहरा, दुसऱ्याचं शरीर. काटेकोर बोलायचं तर हा 'फेस स्वॅप'. एआयने असा व्हिडिओ बनवला तर 'डीपफेक'. नोव्हेंबर २०२३ मध्ये रश्मिका मंदानाचा म्हणून फिरलेला व्हिडिओ तसाच होता: व्हिडिओ दुसऱ्याच तरुणीचा, चेहरा फक्त रश्मिकाचा.

पूर्वी मी हा फरक लोकांना हटकून सांगायचो. आता तक्रार करणाऱ्याला सांगत नाही. कारण २०२१ च्या आयटी नियमांत 'कृत्रिमरीत्या मॉर्फ केलेल्या प्रतिमा' असा थेट उल्लेख आहे. ज्याचा चेहरा वापरलाय त्याने तक्रार केली की प्लॅटफॉर्मने तो मजकूर हटवण्यासाठी पावलं उचलायची. नियम आले तेव्हा त्यासाठी २४ तासांची मुदत होती. म्हणून तक्रारीत 'मॉर्फ' हाच शब्द लिहा.

आता भावाचा प्रश्न: लोकांना कळतं का? खरं उत्तर: नेहमी नाही. मोबाइलची छोटी स्क्रीन, त्यात व्हॉट्सॲपवर फोटोची क्वालिटी घसरलेली, त्यामुळे मानेजवळचा जोड किंवा चुकीची सावली सहज लपते. मग फोटो खोटा आहे हे सिद्ध करत बसण्यापेक्षा त्यातली भीती काढून घ्यावी. मी त्याला म्हटलं, "त्यांनी पाठवायच्या आधी तूच सांग." त्याने घरच्या ग्रुपवर लिहिलं: माझा मॉर्फ केलेला फोटो येऊ शकतो, उघडू नका, नंबर ब्लॉक करा. आधी मावशीचा फोन आला, मग मामाचा. दोघांनीही फोटोबद्दल काही विचारलं नाही, तू ठीक आहेस ना एवढंच विचारलं. धमकीत तेवढाच दम होता.

तुमच्यावर वेळ आली तर:

१. पैसे भरू नका. एकदा भरले की मागणी वाढते.
२. चॅट डिलीट करू नका. स्क्रीनशॉट, नंबर आणि यूपीआय आयडी जपून ठेवा.
३. १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा.
४. 'स्टॉप एनसीआयआय' ही मोफत सेवा वापरा (वय १८ च्या पुढे). फोटो तुमच्या फोनमध्येच राहतो, फक्त त्याचा डिजिटल ठसा सहभागी प्लॅटफॉर्म्सकडे जातो.

आणि आजच एक काम करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या ॲपने तुमचे काँटॅक्ट्स किंवा फाइल्स बघायच्याच नाहीत. सेटिंग्जमध्ये जाऊन परमिशन्स तपासा. एखादं लोन ॲप गॅलरी मागत असेल, तर ते कशासाठी मागतंय हे आता तुम्हाला माहीत आहे.