फायटर माझा रूममेट

परवा पुण्याहून मैत्रिणीचा फोन. ‘‘घरमालक कुत्रा पाळू देत नाही. मांजर म्हटलं की रूममेट शिंकायला लागते. मासा आणू का गं, तुझ्यासारखा? मेंटेनन्स झीरो म्हणे!’’

झीरो? थांब बाई, आधी माझ्या गब्बरची गोष्ट ऐक.

तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून मी चंद्रपूरला आले. भाड्याची एक खोली आणि फ्रीलान्सिंग. म्हणजे दिवसभर लॅपटॉप आणि मी. अशात एका दुकानात प्लास्टिकच्या डब्यांची रांग दिसली. प्रत्येक डबा जेमतेम चहाच्या ग्लासाएवढा आणि त्यात एकेक मासा. त्यातला एक गडद निळा, शेपूट म्हणजे पैठणीचा पदरच! दुकानदार म्हणाला, ‘‘घेऊन जा मॅडम, फायटर आहे. ग्लासात पण राहते. पंप नको, फिल्टर नको.’’ मी काचेच्या गोल बाऊलसकट उचलला.

गब्बर भारी होता, बॉस! मी खुर्चीत बसले की काचेपाशी हजर. आरसा दाखवला की गालफडं फुगवून भांडायला तयार. एकदा तर पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं बांधलं. नर अंड्यांसाठी ते बांधतो, मादी नसली तरी बांधतो. मी मात्र ‘बघा, किती खूश आहे’ म्हणून सगळ्यांना फोटो पाठवले.

मग मे आला. चंद्रपूरचा मे तुम्ही पेपरात वाचलेला असतो, आम्ही तो भोगतो. पारा ४६-४७ वर गेला तरी इथे कुणी दचकत नाही. एका स्टोरीसाठी मी दोन दिवस गडचिरोलीला गेले. खोली बंद, कूलर बंद. परत येऊन बाऊलमध्ये बोट घातलं, तर पाणी चक्क गरम. गब्बर तळाशी आडवा.

आधी दुकानदारावर चिडले. पण दोन दिवस खोलीला कुलूप मीच लावलं होतं ना?

‘ग्लासात पण राहते’ हे खोटं नव्हतं, अर्धवट होतं. हा मासा मूळचा थायलंडकडचा, तिथल्या भातखाचरांतला आणि उथळ पाणथळींतला. २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं, इतका त्यांचा लाडका! कल्ल्यांच्या वर त्याला एक खास अवयव असतो, लॅबिरिंथ. त्यामुळे तो पाण्यावर तोंड काढून थेट हवेतला ऑक्सिजन घेतो. म्हणून ग्लासात मरत नाही. पण त्याच ग्लासात त्याच्या विष्ठेचा अमोनिया साठत जातो, आणि पाणी जितकं गरम तितका तो जास्त घातक. त्याला मानवतं ते २४ ते २८ डिग्रीचं पाणी.

खरं तर हे मला आधीच कळायला हवं होतं. आमच्या बाजारात मरळ जिवंत विकतात. अ‍ॅल्युमिनियमच्या घमेल्यात चार बोटं पाणी, त्यात वळवळणारे मासे, आणि मागे बसलेली ढिवराची बाई. मरळही हवेत श्वास घेते, फायटरची लांबची नातेवाईकच ती. उन्हाळ्यात मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आटत आले की चिखलपाण्यातही ती तग धरते. पण घमेल्यातली मरळ मजेत आहे असं कुणी म्हणतं का? ती संध्याकाळच्या रश्श्यासाठी तिथे असते. फायटरला मात्र आपण तसंच टेबलावर ठेवतो आणि वर त्याला ‘पेट’ म्हणतो.

दुसरा मासा आणायला मला सहा महिने लागले. आधी वीस लिटरची टाकी आणली. हळू चालणारा स्पंज फिल्टर लावला, कारण जोराचा प्रवाह त्याच्या लांब परांना झेपत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून अँटिक्लोरीनचे थेंब. चार-पाच आठवडे टाकी माशाशिवाय चालवली. अमोनियाचा सोर्स म्हणून रोज चिमूटभर खाद्य टाकायचं, म्हणजे तो पचवणारे बॅक्टेरिया वाढतात. आता आठवड्याला पाव टाकी पाणी बदलते. जाळीचं झाकण मस्ट, कारण हा उड्या मारतो. आणि टाकीत दुसरा नर अजिबात नको!

उन्हाळ्याचा उपाय माठाने शिकवला. पाण्यावर छोटा पंखा सोडायचा, बाष्पीभवनाने काही डिग्री खाली येतात. गेलेलं पाणी रोज भरायचं. डिसेंबरच्या थंडीत उलटं, हीटर लागतो.

हा सगळा पसारा बघून घरमालकीण काकू म्हणाल्या, ‘‘काहून वं पोरी, एका मासोळीसाठी एवढं? मासोळी तं खायची असते!’’

मैत्रिणीला मी सगळा खर्च सांगितला. माशाच्या किमतीच्या कितीतरी पट. शिवाय नीट सांभाळला तर तो तीनेक वर्षं जगतो, तेवढी वर्षं तुला गावाला जाताना कुणाला तरी किल्ली द्यावी लागेल. कंटाळलीस तर नदीत किंवा तलावात सोडायचा नाही, तिथल्या माशांचं ते घर आहे. ती म्हणाली, ‘‘विचार करून सांगते.’’ छान, कर.

माझी किल्ली काकूंकडे असते. गेल्या मे महिन्यात मी नागपूरला होते, तर दुपारी दोनला त्यांचा फोन. मी घाबरलेच.

‘‘लाइन गेली होती वं. ओलं फडकं गुंडाळलं तुझ्या टाकीला. आता आली, पंखा लावला. अन् हा वर येऊन श्वास घेऊन गेला. उपाशी आहे का तो?’’

‘‘नाही काकू, सकाळी खाऊन झालंय त्याचं.’’

‘‘मंग असा काहून पाहून राहिला माझ्याकडे?’’