मूकपटातील शेतकरी

नटाची थोरवी त्याने केलेल्या राजांच्या आणि देवांच्या भूमिकांवरून ठरविण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. व्ही. शांताराम यांच्याविषयीही तसेच झाले. 1921 च्या ‘सुरेखाहरण’ या मूकपटात ते श्रीकृष्ण झाले, 1923 च्या ‘सिंहगड’मध्ये शेलारमामा झाले. 1930 च्या ‘उदयकाल’चे दिग्दर्शन त्यांनी केले आणि शिवाजी महाराजांची भूमिकाही स्वतःच केली. या चित्रपटाचे आधीचे नाव ‘स्वराज्याचे तोरण’ असे होते. ‘स्वराज्य’ हा शब्द इंग्रज सरकारला खपला नाही, म्हणून ते बदलावे लागले! या भूमिका मोठ्या खऱ्या. तथापि शांतारामांच्या अभिनयाचा खरा कस लागला तो एका नागवलेल्या शेतकऱ्याच्या भूमिकेत.

ती भूमिका 1925 सालच्या ‘सावकारी पाश’ या मूकपटातील होय. तो कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने काढला. दिग्दर्शक होते बाबूराव पेंटर. कथा नारायण हरि आपटे यांची. आपटे मूळचे सांगलीजवळच्या समडोळीचे. पुढे ते सातारा जिल्ह्यातील कोरेगावी राहिले. लोकांना पडद्यावर देवादिकांचे चमत्कार पाहण्याची गोडी लागली होती. अशा वेळी कर्जापायी जमीन गमावून शहरातील गिरणीत राबावयास गेलेला कुणबी कथेचा नायक करणे, हे धाडसच म्हटले पाहिजे.

मूकपटात नटाला शब्दांचा आधार नसे. मधूनमधून पडद्यावर मजकुराच्या पाट्या येत. परंतु त्या काळी कित्येक प्रेक्षकांना अक्षरओळखही नव्हती. राजाचा मुकुट पाहताच राजा ओळखू येतो. शेतकऱ्याचे दुःख मात्र त्याच्या वाकलेल्या पाठीतून आणि थिजलेल्या नजरेतूनच दाखवावे लागते. तेवीस-चोवीस वर्षांच्या शांतारामांवर हा भार होता. या चित्रपटातील अंधाऱ्या झोपडीचे आणि तिच्यापाशी गळा काढणाऱ्या कुत्र्याचे दृश्य विशेष गाजले. कुत्र्याचा आवाज ऐकू येत नसे. पण त्या घरावर कोसळलेली आपत्ती समजण्यास तेवढे पुरे होई. 1936 मध्ये पेंटरांनी हीच कथा बोलपटाच्या रूपाने पुन्हा काढली, तरी नाव राहिले ते मूकपटाचेच.

1927 मध्ये ‘नेताजी पालकर’पासून शांताराम दिग्दर्शनाकडे वळले आणि 1929 मध्ये ‘प्रभात’ कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. पुढे 1937 चा ‘कुंकू’ त्यांनी आपट्यांच्याच ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून काढला.

मात्र तो शेतकरी त्यांना पुन्हा भेटला 1957 साली, ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये. कथा ग. दि. माडगूळकर यांची, त्यांचा जन्म सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळच्या शेटफळ्याचा. आटपाडीच्या परिसरातच औंध संस्थानने बिनभिंतींचा तुरुंग वसविला होता. स्वतंत्रपूर हे त्याचे नाव. तेथे कैदी शेती करीत. याच प्रयोगावरून चित्रपटाची कल्पना सुचली. त्यात शांताराम तुरुंगाधिकारी झाले. सहा खुनी कैद्यांना घेऊन ते ओसाड माळावर जातात आणि तेथे पीक उभे करतात. ‘सावकारी पाश’मध्ये ज्याच्या हातून जमीन सुटली, त्याच नटाच्या हाती बत्तीस वर्षांनी पडीक जमीन आली. चित्रपटाच्या शेवटी नायक बैलाशी झुंज घेतो. शांतारामांनी पन्नाशी ओलांडली होती, तरी ते स्वतःच बैलासमोर उभे राहिले. त्या झटापटीत त्यांच्या डोळ्यांना इजा झाली आणि कित्येक दिवस डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना काळोखात पडून राहावे लागले.