लोकवर्गणी ही शासनाला दिलेली सूट नव्हे!

पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातल्या जालिंदरनगर येथील जिल्हा परिषद शाळेने २०२५ साली जागतिक सर्वोत्कृष्ट शाळा पुरस्कारांतील लोकपसंतीचा पुरस्कार पटकावला. पट घसरून बंद पडण्याच्या बेतात आलेली ही शाळा शिक्षक आणि गावकऱ्यांनी मिळून उभी केली. त्याआधी २०२० साली सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला होता. या शिक्षकांचे, विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. जिल्हा परिषदेच्या शाळेला नाक मुरडणाऱ्यांना ही सणसणीत चपराक आहे.

परंतु हारतुरे झाल्यावर एक प्रश्न उरतोच. शाळा गावानेच वाचवायची, तर शासनाने काय करायचे? २०२२ साली शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागविली. त्यांची संख्या पंधरा हजारांच्या घरात होती. २०२३ साली अशा शाळांची 'समूह शाळा' करण्याचे घाटू लागले. त्याच सप्टेंबरात शाळा दत्तक देण्याची योजना आली आणि देणगीदाराचे नाव शाळेला जोडण्याची मुभा मिळाली. या लहान शाळा आहेत कुठे? वाडी-वस्तीवर, तांड्यावर, पाड्यावर. तेथील शाळा बंद झाली की सर्वात आधी मुलीचे दप्तर खुंटीला लागते. कागदावर वाचलेला पैसा अशा रीतीने आमच्या लेकींकडून वसूल होतो.

परमपूज्य बाबासाहेबांनी १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना सरकारकडे हिशेबच मागितला होता. अबकारी करातून जनतेकडून जेवढे घेता, किमान तेवढे तरी तिच्या शिक्षणावर खर्च करा, असा त्यांचा आग्रह होता. त्यानंतर आठच दिवसांनी त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तळे सार्वजनिक, तशी शाळाही सार्वजनिक. दोन्हींवर हक्क सांगायचा असतो, मेहेरबानी मागायची नसते.

वर्गणी आमच्या चळवळीला नवी नाही. अर्धपोटी राहून समाजाने चळवळीला पैसा दिला. १९४५ साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. पण म्हणून त्यांनी सरकारला जबाबदारीतून कधी मोकळे केले नाही. समाजाने दिलेला रुपया हा शासनाच्या रुपयात पडलेली भर आहे. त्याची जागा तो घेऊ शकत नाही.

कायदा आमच्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ६ नुसार परिसरात शाळा उपलब्ध करणे शासनावर बंधनकारक आहे. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणशीर स्थान असलेच पाहिजे. अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवण्याचा अधिकार याच समितीला आहे. कलम २२ प्रमाणे तिने केलेला शाळा विकास आराखडा पुढील अनुदानाचा आधार ठरतो. मात्र कित्येक गावांत आमच्या माणसाचे नाव समितीच्या कागदावर असते आणि त्याचा अंगठा तेवढा घेतला जातो. हे थांबले पाहिजे.

म्हणून आंबेडकरी बांधवांना आणि भगिनींना आमचे आवाहन आहे. जयंतीच्या डीजेवरील खर्चातून गावच्या शाळेला पुस्तके जरूर द्या. पण ती देताना समितीच्या बैठकीत बसा, अनुदानाचा हिशेब मागा, रिक्त शिक्षकांच्या जागांची नोंद इतिवृत्तात करून घ्या. शाळा बंद करण्याची भाषा झाली तर ग्रामसभेत ठराव करा, तोही लेखी. एका हाताने वर्गणी द्यायची आणि दुसऱ्या हाताने हिशेब मागायचा, हीच बाबासाहेबांची शिकवण आहे.

जयभीम!