वासाचे पाढे

डोळ्यांना चष्मा, कानांना यंत्र. पण वास येत नाही म्हटलं की लोक हसतात. २०२१मध्ये कोरोनानंतर माझा वास गेला. एकदा दूध उतू जाऊन शेगडी विझली, गॅस तसाच चालू. शेजारच्या वहिनी धावत आल्या म्हणून निभावलं. तेव्हापासून मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९मध्ये यावर एक सराव मांडला. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग अशी चार तेलं सकाळ-संध्याकाळ हुंगायची, बारा आठवडे. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण पुष्कळांना येतो. मला हे पाढ्यांसारखं वाटलं. समजो न समजो, रोज म्हणायचे. तिसऱ्या महिन्यात लवंग पुसटशी आली. मग एक दिवस स्वारगेटच्या एसटी स्टँडवर डिझेलचा धूर! सगळे नाकाला रुमाल लावून, आणि मी आपली आनंदाने हुंगतेय!

माझं मत एवढंच: आधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, मग चिकाटीने हा सराव करा. ‘आता वयच झालं’ म्हणून घरातल्या म्हाताऱ्यांचं नाक सोडून देऊ नका. असो.