वेड पांघरलेली जनी

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ यातले पेडगाव भीमाकाठचे समजले जाते. पण परभणी जिल्ह्यातही एक पेडगाव आहे, आणि त्याच जिल्ह्यात जनाबाईचे गंगाखेड. जनीच्या अभंगांत विठ्ठल तिला दळू लागतो, शेणी वेचू लागतो. यात देवाचे वात्सल्य तेवढे पाहिले जाते. वस्तुतः दासीचे काम देवाकडून करवून घेणे हा धनीपणावरचाच घाव. भक्तीचे वेड पांघरले म्हणून तो देवळात गायला गेला.

दहाव्या शतकातील जपानी दरबारी वर्तुळातही एका स्त्रीने बहुपत्नीक नवऱ्याविषयीचा संताप ‘कागेरो निक्की’ या रोजनिशीत मांडला. तिचे स्वतःचे नाव मात्र उरले नाही. ती केवळ ‘मिचित्सुनाची आई’. जनीही ‘नामयाची दासी’च, पण ती नाममुद्रा तिने स्वतः उमटवली.