खोली मिळेल का?

नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागले की विष्णुपुरीला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा परिसर दिसतो. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, हे विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतील मुले तेथे शिकतात, हे आपल्याला ठाऊक आहे. येमेनसारख्या दूरच्या देशातून आलेले तरुणही तेथे पीएच.डी. करतात, हे मात्र नांदेडच्या कितीतरी घरांच्या गावी नसते.

अशाच एका येमेनी संशोधकाची गाठ काही वर्षांपूर्वी पडली. इथे सर्वांत अवघड काय गेले, असे मी विचारले. इंग्रजीतला प्रबंध किंवा मे महिन्यातले नांदेडचे ऊन, असे काही तो सांगेल अशी माझी अपेक्षा होती. तो म्हणाला, "खोली." अकरा घरे त्याने पालथी घातली होती. कोणी मांसाहाराचे कारण सांगितले, कोणी एकट्या मुलांना देत नाही म्हणाले, कोणी पोलिसांची कटकट नको म्हणाले. बहुतेक ठिकाणी देशाचे नाव ऐकल्यावर पुढचा प्रश्नच आला नाही.

यातले मांसाहाराचे कारण मी गैर मानत नाही. आपल्या घरात काय शिजावे हे ठरवण्याचा अधिकार घरमालकाला आहे, आणि तो मुलगा ती अट पाळायला तयारही होता. पोलिसांचे कारण मात्र तपासून पाहण्यासारखे आहे. परदेशी विद्यार्थ्याला ठरावीक मुदतीत नोंदणी करावी लागते. घरमालकानेही त्याच्या वास्तव्याची माहिती कळवायची असते. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या आप्रवास व विदेशी नागरिकविषयक नव्या कायद्यातही ही जबाबदारी आहे. देशाच्या सुरक्षेसाठी ती आवश्यकच आहे, त्यात सवलत नको. पण म्हणूनच हा भाडेकरू असा असतो, की ज्याचा पासपोर्ट, व्हिसा, पत्ता सारे काही सरकारदरबारी नोंदलेले असते. आपण आपल्या देशी भाडेकरूंशी साधा करारनामा तरी करतो का, हे ज्याचे त्याने आठवावे!

खरे तर परक्या गावातल्या मुलाचे हाल लातूरकरांइतके कोणाला कळावेत? 'लातूर पॅटर्न'चा गाजावाजा झाल्यापासून त्या शहरातल्या गल्ल्याच्या गल्ल्या विद्यार्थ्यांच्या खोल्यांवर उभ्या आहेत. बीड, धाराशिव, बिदरकडची मुले येतात. खोली, मेसचा डबा, रात्रीची अभ्यासिका असे दिवस काढतात. तापाने फणफणलेल्या मुलाला मऊ भात करून देणारी घरमालकीण तेथे जागोजागी भेटते. पुढे वैद्यकीय प्रवेशात गुण कमी पडले की यातलीच काही मुले रशियाला, जॉर्जियाला, किरगिझस्तानला जातात. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा लातूर-नांदेडच्या कित्येक घरांत रात्र रात्र दिवे जळत होते. 'ऑपरेशन गंगा'ची विमाने येईपर्यंत फोनवर आईचे प्रश्न तेच होते: काही खाल्लेस का, झोपायला जागा आहे का, जवळ कोण आहे? रुमानिया आणि पोलंडच्या सीमेवर आपल्या मुलांना अन्न आणि आसरा देणाऱ्यांत तिथले सामान्य नागरिकही होते. येमेनमध्येही २०१४ पासून युद्धाने घरे उद्ध्वस्त केली. तिथली आई फोनवर वेगळे काय विचारत असेल?

आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस निघाल्या, तेव्हा तिकडे त्यांना ओळखणारे होते फक्त न्यूजर्सीतल्या रोझेल गावचे कार्पेंटर कुटुंब, तेही पत्रांतून. आनंदीबाईंनी तेथे लुगडे सोडले नाही, शाकाहार सोडला नाही, धर्मही सोडला नाही. कार्पेंटरबाईंनी त्यांना होत्या तशा घरात घेतले आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी आजही कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी येथे विसावल्या आहेत. शाळेत आपण डॉक्टर झालेल्या आनंदीबाई शिकतो. त्यांना खोली देणारी बाई धड्यात असली तरी लक्षात राहत नाही.

आपल्या वाचकांना हे अनुभवाने ठाऊक आहे. १९६६ पासून विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनी ईशान्य भारतातील विद्यार्थ्यांना देशभरातल्या घरांत मुक्कामी नेले. ज्यांच्या घरी असा पाहुणा राहिला, त्यांनी पाहिलेच असेल की पहिल्या दिवशी खुर्चीच्या टोकाशी बसलेला मुलगा तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात ताट घ्यायला येतो. त्या मुलांना आपण आपले म्हणून घरात घेतले. परदेशी विद्यार्थी आपला नागरिक नाही, हे खरे. पण चार-पाच वर्षे तो आपल्याच नळाचे पाणी भरणार आहे. विद्यापीठाने खोली देऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांची यादी ठेवली आणि गावातल्या दहा-बारा घरांनी त्यात नाव नोंदवले, तरी पुष्कळ काम होईल.

त्या येमेनी मुलाला अखेर एका निवृत्त शिक्षक दांपत्याने खोली दिली. भाकरी मोडून कालवणात कुस्करायची असते हे त्याला आजींनी दाखवले. नळाला पाणी आले की पिंप भरून ठेवायचे, भाजीवालीला 'मावशी' म्हणायचे, हेही तो तेथेच शिकला. रात्री उशीर झाला की आजी रागावतात, हे त्याने मला फार कौतुकाने सांगितले.

त्याने पालथ्या घातलेल्या अकरा घरांतले एक आमच्याच गल्लीत होते. घरमालकांनी माझा सल्ला विचारला होता आणि "कशाला भानगड?" असे मीच म्हणालो होतो. ती वरची खोली पुढे दोन वर्षे रिकामीच राहिली.